एका क्रूझर सायकलीची पाठचिकित्सा

हस्तलिखिताच्या शेवटी लेखनकाळ दिलेला असला तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नये, हे आम्ही एम.ए.च्या वर्गात दरवर्षी सांगतो. कागद पाहावा, शाई पाहावी, अक्षराचे वळण पाहावे, भाषेची रूपे तपासावीत, आणि मगच पोथीचे वय ठरवावे. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकागोजवळच्या एका उपनगरात थोरल्या भावाकडे गेलो असताना हे सारे नियम एका गंजलेल्या सायकलीला लावून पाहण्याचा योग आला. पोथ्यांबाबत जे मला नीट उमगले नव्हते, त्यातले काही त्या सायकलीने शिकवले, म्हणून हा लेख.

सायकल दादाने शेजारच्या गल्लीत एका घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानातून आणली होती. विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी ती 'युद्धापूर्वीची, बलून टायरची' असल्याचे सांगितले होते. मात्र ती त्यांचीही नव्हती, घर विकत घेतले तेव्हा गराजमध्ये होती. म्हणजे हा ऐकीव पुरावा. लांब, मागे वळलेले हँडल, रुंद सीट, वरच्या दांडीखाली धनुष्यासारख्या वाकवलेल्या दोन नळ्या आणि सगळ्यावर ब्रशने फासलेला हिरवा रंग, असे तिचे रूप होते. दादाचा बेत सरळ होता. "अरे, सगळा रंग काढू, पावडर कोटिंग करू, नवे टायर घालू. मुलीच्या वाढदिवसाला नव्यासारखी!" मी म्हणालो, "दादा, आधी ती आहे कोण ते तर बघू." पुढच्या तीन आठवड्यांत आमचा जो वाद झाला, त्याचे मूळ या दोन वाक्यांत आहे.

क्रूझर म्हणून आज जी सायकल ओळखली जाते, तिचा इतिहास आपल्या सायकलीच्या इतिहासापेक्षा अगदी निराळा आहे. आपल्याकडची काळी सायकल, अठ्ठावीस इंची चाकांची आणि सळईच्या ब्रेकची, ही प्रौढ माणसाची आणि कामाची सायकल. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, गिरणीकामगार यांची. आम्ही मुले तिच्या दांडीखालून पाय घालून ती चालवायला शिकलो, कारण ती आमच्यासाठी केलेलीच नव्हती. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली सायकलीची लाट ओसरली, मोटार आली, आणि प्रौढ माणूस सायकलीवरून उतरला तो जवळजवळ उतरलाच. सायकल उरली मुलांची. अशा काळात टिकून राहिलेल्या कंपन्यांपैकी एक म्हणजे शिकागोची 'अर्नोल्ड, श्विन अँड कंपनी'. जर्मनीतून आलेल्या इग्नाझ श्विन यांनी अ‍ॅडॉल्फ अर्नोल्ड यांच्या भांडवलावर १८९५ साली ती सुरू केली. पुढे श्विन यांनी मोटारसायकलींचा धंदाही केला. एक्सेल्सियर आणि हेंडरसन ही नावे त्यांच्याकडे होती. मंदीच्या तडाख्यात १९३१ साली तो धंदा त्यांनी बंद केला आणि कारखाना पुन्हा सायकलीकडे वळला.

इग्नाझ यांचे पुत्र फ्रँक श्विन यांच्यापुढे प्रश्न असा होता की मंदीत मुलांसाठी सायकल कोण घेणार? त्या वेळच्या मुलांच्या सायकलींना एकाच नळीचे, रिमला चिकटवलेले टायर असत. आतली ट्यूब वेगळी नसल्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होते. १९३३ साली श्विनने सव्वीस इंची चाकाला सव्वादोन इंचांच्या जवळ, नेमके सांगायचे तर २.१२५ इंच रुंदीचे, आत वेगळी ट्यूब असलेले मोटारीच्या धर्तीचे टायर बसवले. हाच तो 'बलून टायर'. पदपथाच्या कडेवरून उडी मारली तरी तो तग धरी. पुढच्याच वर्षी 'एअरोसायकल' आली. तिला विमानाची ऐट आणि मोटारसायकलीसारखी पेट्रोलची टाकी होती. टाकीत अर्थातच पेट्रोल नव्हते. मुलांच्या सायकलीवरची ती पोकळ टाकी पाहिली की मला वाटते, नुकत्याच बंद पडलेल्या मोटारसायकल विभागाची ती आठवणच असावी. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. एवढे मात्र खरे की बंद पडलेल्या मोटारसायकलीचे 'एक्सेल्सियर' हे नाव पुढे श्विनच्या सायकलींवर अवतरले. त्या नावाला या कथेत पुन्हा यायचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सरकारने मुलांच्या सायकलींचे उत्पादन थांबवले. पोलाद आणि क्रोमियम युद्धाला हवे होते. युद्ध संपल्यावर उलट झाले. १९४९ सालची 'ब्लॅक फँटम' म्हणजे क्रोमचा उत्सवच होता. स्प्रिंगचा चिमटा, टाकीत भोंगा, पुढे दिवा, मागे ब्रेक लावताच पेटणारा लाल दिवा. तिचे वजन मुलाला पेलणारे नव्हते, पण ती मुलाच्या स्वप्नात बसेल अशी केलेली होती. दशकभर ती निघत राहिली. एव्हाना इंग्लंडहून हलक्या, तीन गिअरच्या सायकली अमेरिकेत येऊ लागल्या होत्या. त्यांना उत्तर म्हणून श्विनने १९५० च्या दशकाच्या मध्यापासून थोड्या अरुंद टायरची, 'मिडलवेट' म्हणून ओळखली जाणारी सायकल काढली. सांगाडा तोच बाकदार, चाक जरा सडपातळ.

आता आमच्या सायकलीकडे येऊ.

बाह्य पुरावा म्हणाल तर विक्रेत्याचे 'युद्धापूर्वीची' हे विधान. अंतर्गत पुरावा फ्रेमवरच्या क्रमांकात असतो. श्विनच्या सायकलींवर तो सुरुवातीला खाली, जिथे पायडलाचा अक्ष बसतो त्या भागावर ठोकलेला असे. १९५२ पासून तो मागच्या चाकाच्या अक्षाजवळ डाव्या कानावर आला आणि १९७० मध्ये हँडलखालच्या नळीवर गेला. म्हणजे क्रमांक वाचण्याआधी तो कुठे आहे एवढे पाहिले तरी काळाच्या दोन सीमा मिळतात. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने डावा कान पुसला आणि हिरव्या रंगाखालून आकडे वर आले. 'युद्धापूर्वीची' ही परंपरा तिथेच संपली. क्रमांकांच्या छापील यादीशी ताडून पाहता साल निघाले १९६२.

पण इथेही पाठचिकित्सकाने थांबावेच लागते. क्रमांक ठोकल्याची तारीख म्हणजे सायकल तयार झाल्याची तारीख नव्हे. क्रमांक ठोकलेले सुटे भाग कारखान्यात काही काळ पडून राहत, जोडणी नंतर होई. शिवाय फ्रेम एका सालची आणि चाके दुसऱ्या सायकलीची, हेही सर्रास घडते. म्हणून साक्षीदार वाढवायचे. मागचा हब बेंडिक्सचा, लाल पट्ट्यांचा होता, तो १९६० च्या दशकाशी जुळत होता. रिमवर 'श्विन एस-७' असा ठसा होता, म्हणजे ती मिडलवेट सायकलीची रिम. फ्रेमचे साल, हब आणि रिम हे तिघे एकमेकांना दुजोरा देत होते. बलून टायर मात्र या सायकलीला कधी नव्हतेच.

हा ठसा वाचला नाही तर काय होते तेही सांगतो. दादाने आमची तपासणी पुरी होण्याआधीच टायर मागवले होते. त्यांवर लिहिले होते २६ × १.७५. जुन्या टायरवर होते २६ × १¾. आकडेमोडीत दोन्ही सारखेच. रिमवर मात्र नाहीत. श्विनच्या एस-७ रिमचा टायर जिथे बसतो तो व्यास ५७१ मिलिमीटर आहे, दशांशात लिहिलेल्या टायरचा ५५९. बारा मिलिमीटरचा फरक. दादा, पुतणी आणि मी असे तिघे एक अख्खी दुपार तो टायर चढवायला झटलो आणि बोटे सोलून घेतली. अपूर्णांक दशांशात लिहिला की अर्थ बदलतो, असे उदाहरण व्याकरणाच्या वर्गात मला कधी सापडले नसते.

वय ठरले, आता प्रकृती. जुन्या सायकलीत रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी पाहावे, सांगाडा आधी. हँडलखालच्या नळीच्या मागे, तिरप्या नळीच्या पोटावर सुरकुती किंवा रंगाला आडव्या भेगा दिसल्या, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे असे समजावे. पुढचा चिमटा बाजूने पाहताना मागे दबलेला नसावा. सीटची नळी फ्रेममध्ये जाम झाली आहे का, हेही पाहावे. या तिन्ही बाबतींत आमची सायकल सुदैवी होती. श्विनच्या या फ्रेम जाड पोलादाच्या, सांधे वितळवून एकजीव केलेल्या असत, म्हणूनच त्या जड असतात आणि म्हणूनच उरतात. गंज होता तो वरवरचा.

नंतर उघडणे. आपल्या काळ्या सायकलीत क्रँक कॉटर पिनेने अक्षावर बसवलेली असते. वडिलांची सायकल ओव्हरहॉल करताना ती पिन ठोकून काढण्याचे काम माझ्याकडे असे. इथे मात्र डावी क्रँक, अक्ष आणि उजवी क्रँक मिळून एकच वाकवलेली सळई असते. डावे पायडल काढायचे, डाव्या बाजूचा नट सोडवायचा आणि ती सळई नागमोडी फिरवत उजवीकडून बाहेर काढायची. यातली मेख अशी की डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. पायडल असो वा नट, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तरच सुटतो. हे न कळल्याने जोर लावून आटे खाल्लेल्या सायकली पुष्कळ असतील. आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. छर्रे रॉकेलात धुऊन पाहिले, काहींवर खड्डे पडले होते, तेव्हा सगळेच बदलले. कप शाबूत होते. वाटीत खड्डे नाहीत ना, हे नखाने चाचपून पाहण्याची सवय लहानपणीची, ती इथे कामी आली.

सर्वांत नाजूक काम मागच्या हबचे. या सायकलीला हातब्रेक नाही. पायडल उलटे दाबले की हबच्या पोटातले जोडे फाकतात आणि हबच्या भिंतीला आतून घासतात. भाग काढताना ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ते वर्तमानपत्रावर मांडले, पुतणीने प्रत्येकाचे चित्र काढून आकडे घातले. या ब्रेकचा एक हात बाहेर असतो, तो पट्टीने फ्रेमला घट्ट बांधलेला हवा. पट्टी नसेल किंवा सैल असेल, तर ब्रेक लावताच तो हात गरकन फिरतो आणि सायकल थांबत नाही. आमच्या सायकलीची पट्टी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी तार गुंडाळलेली होती. हिरवा रंग राहू दे की जाऊ दे हा वाद आम्ही तीन आठवडे घातला, पण त्या तारेबद्दल वाद झाला नाही. ती काढून नवी पट्टी लावली. माणसाच्या जिवाशी संबंध असेल तिथे 'मूळचे' या शब्दाला अर्थ नसतो. टायर, ट्यूब, छर्रे, साखळी, ब्रेकचे जोडे हे घासून संपण्यासाठीच असतात. ते बदलणे म्हणजे पाठभेद करणे नव्हे.

वाद राहिला रंगाचा. चेनकव्हरवर हिरव्या रंगाचा एक पोपडा उडाला होता आणि त्याखाली मूळचा लाल रंग चकाकत होता. त्याच कव्हरच्या दुसऱ्या टोकाला, हिरव्या रंगात खिळ्याने कोरलेले एक नाव होते, 'डॉटी'. आता पुरावे एकत्र ठेवून पाहा. सायकल मुलाची आहे, कारण वर दांडी आहे. त्या काळी मुलींची सायकल बिनदांडीची असे. तिच्यावर घरातल्या डब्यातला हिरवा रंग कोणीतरी ब्रशने दिला आणि त्या हिरव्या रंगावर एका मुलीने नाव कोरले. थोरल्या भावाची सायकल धाकट्या बहिणीला मिळाली आणि ती 'तिची' व्हावी म्हणून रंगवली, अशी गोष्ट सहज सुचते. सिद्ध करता येणार नाही.

इथे तीन मते झाली. दादाचे मत, सगळे खरवडून नवे करावे. जुन्या सायकलींच्या संग्राहकांचे मत त्याहून सूक्ष्म असते. त्यांच्या मते कारखान्यातला रंग एकदाच मिळतो. तो काढून दिलेला नवा रंग कितीही हुबेहूब असला तरी ती नक्कलच, म्हणून हिरवा थर जपून उतरवावा आणि मूळचा लाल मोकळा करावा. बाजारातले मोलही त्यालाच. मला आरंभी हेच पटत होते. पाठचिकित्सेचे आमचे शिक्षण तेच सांगते, प्रक्षेप काढा, मूळ संहितेपर्यंत पोहोचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अपपाठ दूर करण्यासाठीच. राजवाड्यांनी १९०९ साली जी प्रत प्रसिद्ध केली ती एकनाथांच्याही मागे जाण्याच्या ध्यासाने. प्रत्येक पिढीला मूळ त्याच्याही मागे दिसते.

पण या सायकलींच्याच इतिहासात एक प्रकरण असे आहे की त्याने माझे मत डळमळले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांना माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवरून सायकली भरधाव सोडण्याचा नाद लागला. त्यासाठी त्यांनी निवडल्या जुन्या, भंगारात मिळणाऱ्या बलून टायरच्या सायकली. विशेष पसंती श्विनच्या युद्धपूर्व 'एक्सेल्सियर' फ्रेमला. त्यांनी मडगार्ड काढून फेकले, टाक्या फेकल्या, चेनकव्हर फेकले. आजच्या संग्राहकाच्या डोळ्यांत पाणी यावे असा तो विध्वंस होता. १९७४ साली कूपर्टिनोहून आलेल्या, स्वतःला 'मॉरो डर्ट क्लब' म्हणवणाऱ्या मंडळींनी अशा सायकलींना गिअर बसवलेले मरीनच्या मंडळींनी पाहिले. 'मॉरो' हे नाव एका जुन्या पायब्रेकच्या हबचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली यांच्या पुढाकाराने फेअरफॅक्सजवळच्या उतारावर पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार. शर्यतीचे नाव 'रिपॅक'. एकदा खाली आले की तापलेल्या पायब्रेकच्या हबमधले ग्रीस धूर होऊन गेलेले असे आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे, म्हणून हे नाव. १९७७ साली जो ब्रीझ यांनी त्या जुन्या एक्सेल्सियरच्या मापांचा आधार घेऊन खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली. ती पहिली 'ब्रीझर' आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ साली गॅरी फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला.

म्हणजे १९३३ साली लहान मुलांसाठी केलेले सव्वीस इंची, ५५९ मिलिमीटरचे चाक त्या 'विध्वंसकां'च्या हातून डोंगरावर गेले आणि जगभर पसरले. १९९० च्या दशकात आपल्या कॉलेजच्या आवारात जाड टायरच्या, सरळ हँडलच्या ज्या सायकली दिसू लागल्या, त्यांच्या सव्वीस इंची चाकांचे कूळ तिथवर जाते. खुद्द श्विन कंपनीला हे वारे वेळेवर ओळखता आले नाही. १९९२ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली. १९९५ मध्ये, शतसांवत्सरिक वर्षात, ब्लॅक फँटमची हुबेहूब प्रतिकृती बाजारात आली. एकीकडे मोडतोड केलेल्या एक्सेल्सियरचा वंश वाढला, दुसरीकडे जशीच्या तशी जपलेली फँटम स्मरणिका झाली. या दोहोंत 'मूळ' कोणते म्हणायचे?

मोडतोडीचे समर्थन मला करायचे नाही. युद्धपूर्व सायकली आता फार थोड्या उरल्या आहेत आणि आज कोणी शाबूत एक्सेल्सियरची टाकी फेकली तर मी त्याला अडवीन. माझा मुद्दा इतकाच की नंतरच्या हातांनी केलेले सगळेच प्रक्षेप म्हणून खरवडण्याजोगे नसते. एकनाथांच्या शुद्धीकरणात जुनी भाषारूपे गेली असतील, पण तीन शतके मराठी माणसाने जी ज्ञानेश्वरी वाचली ती त्यांनी हाती दिलेली. तो थरही इतिहासच आहे. हिरवा रंग कारखान्याच्या दृष्टीने प्रक्षेप, डॉटीच्या दृष्टीने मात्र तीच मूळ सायकल.

तीन आठवड्यांनी ठरले ते असे. कारखान्याच्या दर्जाचे जे होते, म्हणजे क्रोमचे हँडल, रिमा आणि मडगार्डच्या कडा, त्यांवरचा गंज ओल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगाळलेल्या पातळ कागदाने घासून काढला. फ्रेमवरचा हिरवा रंग जिथे आपणहून सुटत होता तिथे सुटू दिला, लाल दिसला तिथे दिसू दिला, आणि दोहोंवर मेण चढवले. चेनकव्हरला हात लावला नाही. दादा शेवटपर्यंत म्हणत होता, "लोक म्हणतील, भंगार आणलं!" पण चाकांचा आउट काढून, योग्य मापाचे टायर चढवून सायकल रस्त्यावर सोडली, आणि ती अजिबात खडखड न करता निघाली, तेव्हा त्याने पहिली फेरी स्वतःच मारली.

संपादक संहितेखाली पाठभेद नोंदवतो तशी मी एक यादी केली. काय बदलले, काय ठेवले, क्रमांक कुठे आहे, टायरचे खरे माप कोणते. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत सरकवला, म्हणजे पुढे कधी कोणी ती उघडेल त्याला आमच्यासारखी दुपार घालवावी लागू नये. सरकवण्याआधी पुतणीने तो मागून घेतला, तळाशी स्वतःचे नाव लिहिले आणि विचारले, "काका, चेनकव्हरवर डॉटीच्या खाली माझं कोरलं तर चालेल?" माझ्या शास्त्राप्रमाणे उत्तर 'नाही' असे होते. मी म्हणालो, "आधी दोन वर्षं चालव, मग विचार."

गेल्या महिन्यात तिची दोन वर्षे पुरी झाली. तिने विचारले आहे. उत्तर अजून द्यायचे आहे.